रेकॉर्डर घेताय? आधी माइकची पिन बघा

मागच्या वर्षी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी आणि माझा एक मित्र लालबागच्या एका चाळीत गेलो होतो. तिथले एक काका १९८२च्या गिरणी संपात होते. आता वय ऐंशीच्या पुढे, पण आठवण एकदम पक्की. ओळखीतल्या एकाकडून रेकॉर्डर मागून आणला होता. माझ्याकडे मोबाईलला लावायचा कॉलर माइक होता, तो काकांच्या शर्टाला अडकवला, पिन रेकॉर्डरमध्ये खुपसली आणि लाल बटण दाबलं. लाल दिवा लागला, आकडे पळायला लागले. काका एक तास चाळीस मिनिटं बोलले.

घरी येऊन फाइल लावली. एक तास चाळीस मिनिटांची फाइल होती, आणि तिच्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसतं ‘सूंऽऽ’. काकांचा एक शब्दही नाही.

रेकॉर्डर बिघडलेला नव्हता. माइकही बिघडलेला नव्हता. दोघं एकमेकांसाठी बनलेले नव्हते, एवढंच. आणि ही गोष्ट विकत घेताना कुणी सांगत नाही. दुकानदार मेगापिक्सेलसारखे आकडे सांगतो, व्हिडिओवाले डबा उघडून दाखवतात, पण ‘तुझ्याकडे माइक कोणता आहे?’ हा पहिला प्रश्न कुणी विचारत नाही.

म्हणून हा लेख. बाहेरचा माइक लावायचा असेल तर रेकॉर्डर कसा निवडायचा, ते एकेक पायरी करून बघूया.

मुळात रेकॉर्डर हवाच का?

खरं सांगायचं तर प्रत्येकाला नको. रील बनवायची असेल, एकच माणूस बोलणार असेल आणि पुन्हा शूट करता येणार असेल, तर मोबाईल आणि टाइप-सीला लागणारा चांगला माइक पुरतो. उगाच पैसे घालवू नका.

पण तीन ठिकाणी मोबाईल दगा देतो. एक, लांब रेकॉर्डिंग. मध्येच कॉल येतो, स्टोरेज भरतं, बॅटरी उतरते किंवा फोन स्वतःच ॲप बंद करून टाकतो. दोन, आवाजावरचा ताबा. बरेच फोन आवाज आपोआप कमी-जास्त करतात. माणूस बोलायचा थांबला की फोन आवाज वाढवतो आणि पंख्याची घरघर वर येते. तो बोलायला लागला की घरघर पुन्हा खाली जाते. ऐकताना हे फार खटकतं. तीन, एकापेक्षा जास्त माइक. दोन माणसांचे आवाज दोन वेगळ्या ट्रॅकवर हवे असतील तर फोनवर ते जमवणं कटकटीचं असतं.

यातलं एकही तुमच्या कामात येत असेल, किंवा जे रेकॉर्ड करायचं आहे ते पुन्हा मिळणार नसेल, तर रेकॉर्डरचा विचार करा.

पहिला नियम: आधी माइक, मग रेकॉर्डर

रेकॉर्डर घेऊन मग त्याला माइक शोधणं म्हणजे चप्पल घेऊन तिच्या मापाचा पाय शोधण्यासारखं आहे. तुमचं काम काय, त्याला माइक कोणता, आणि त्या माइकला सॉकेट कोणतं लागतं, या क्रमाने चला.

ढोबळमानाने तीन प्रकारचे माइक आपल्या वाट्याला येतात.

कॉलर माइक, म्हणजे शर्टाला अडकवायचा छोटा माइक. याच्या टोकाला बहुतेक वेळा हेडफोनसारखी ३.५ मिलिमीटरची पिन असते. आत एक छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्यामुळे त्याला थोडीशी वीज लागते.

डायनॅमिक माइक, म्हणजे गणपतीच्या मंडपात, कीर्तनात, ऑर्केस्ट्रात हातात दिसतो तो. शुअरचा एसएम५८ हे याचं जगभरातलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण. तो १९६६ पासून बाजारात आहे. याला वीज लागत नाही. दणकट असतो, पण तोंडाजवळ धरावा लागतो.

कंडेन्सर माइक, म्हणजे स्टुडिओतला मोठा माइक किंवा शूटिंगमध्ये काठीवर लावतात तो लांबट शॉटगन माइक. हा जास्त संवेदनशील असतो, बारीक आवाजही पकडतो. याला वीज लागते.

शेवटच्या दोन प्रकारांना बहुतेक वेळा एक्सएलआर नावाची तीन पिनांची जाड जोडणी असते. म्हणजे लढाई मुख्यतः दोन सॉकेटांत आहे: ३.५ मिलिमीटर आणि एक्सएलआर.

पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा

आता माझी चूक कुठे झाली ते सांगतो.

३.५ मिलिमीटरच्या पिनेकडे नीट बघा. धातूवर काळ्या रेघा दिसतील. दोन रेघा असतील तर पिनेचे तीन भाग होतात. तिला टीआरएस म्हणतात. तीन रेघा असतील तर चार भाग होतात, ती टीआरआरएस. मोबाईलच्या एकाच सॉकेटमधून दोन्ही कानांचा आवाज बाहेर जातो आणि माइकचा आवाज आत येतो, म्हणून मोबाईलला चार भागांची पिन लागते. आजच्या बहुतेक फोनांच्या पद्धतीत माइकचा आवाज या पिनेच्या सगळ्यात मागच्या भागावर, म्हणजे बुडाशी असतो.

रेकॉर्डरचं माइक-सॉकेट मात्र तीन भागांच्या पिनेसाठी असतं. तिथे टोकाचा भाग डाव्या बाजूचा आवाज घेतो, मधला उजव्या बाजूचा, आणि बुडाचा भाग असतो अर्थिंग. म्हणजे माझा माइक काकांचा आवाज ज्या जागेवर देत होता, तीच जागा रेकॉर्डरच्या लेखी अर्थिंग होती. आवाज सरळ जमिनीत!

मग रेकॉर्डरच्या स्वतःच्या माइकने तरी का नाही पकडला? कारण अशा बहुतेक छोट्या रेकॉर्डरांत पिन घातली की आतले माइक आपोआप बंद होतात. दोन्ही दारं बंद, आणि लाल दिवा आपला चालू.

उपाय अगदी साधा आहे. टीआरआरएस माइकला टीआरएस करणारा छोटा अडॅप्टर मिळतो. पण घेताना दिशा नीट सांगा: ‘मोबाईलचा माइक, रेकॉर्डरला लावायचाय.’ उलट दिशेचा अडॅप्टरही तसाच दिसतो. काही कॉलर माइकांवर ‘कॅमेरा’ आणि ‘स्मार्टफोन’ असं बटण असतं. बोयाचा बीवाय-एम१ त्यातलाच. असा माइक रेकॉर्डरला लावताना बटण कॅमेऱ्याकडे ठेवायचं आणि आतली एलआर४४ बटण-बॅटरी जिवंत आहे का ते बघायचं.

आणि ज्यांच्याकडे थेट टाइप-सी पिनेचा माइक आहे, त्यांनी एक लक्षात घ्या. रेकॉर्डरला टाइप-सी सॉकेट असलं तरी ते बहुतेक वेळा चार्जिंगसाठी आणि कॉम्प्युटरला जोडण्यासाठी असतं. तिथे तुमचा माइक चालेलच असं धरून चालू नका.

वीज कोण देणार?

सॉकेट जुळलं म्हणजे काम झालं असं नाही. कॉलर आणि कंडेन्सर माइकला वीज लागते, आणि ती द्यायच्या दोन अगदी वेगळ्या पद्धती आहेत.

पहिली, प्लग-इन पॉवर. ३.५ मिलिमीटरच्या सॉकेटमधून साधारण दोन ते पाच व्होल्ट मिळतात. कॉलर माइकला आणि कॅमेऱ्यावरच्या छोट्या माइकांना तेवढे पुरतात. झूमच्या एच१एन आणि टॅस्कॅमच्या डीआर-०५एक्ससारख्या छोट्या रेकॉर्डरांत ही सोय आहे, पण ती मेनूत जाऊन चालू करावी लागते. नवा माइक लावला आणि आवाजच नाही, तर आधी हे सेटिंग बघा.

दुसरी, फँटम पॉवर. एक्सएलआर केबलमधूनच ४८ व्होल्ट माइकपर्यंत जातात. स्टुडिओतल्या कंडेन्सर माइकला बहुतेक वेळा हीच लागते. रेकॉर्डरवर ‘४८व्ही’ असं लिहिलेलं दिसलं तर समजा सोय आहे.

इथे एक धोका आहे. बाजारात ३.५ मिलिमीटर ते एक्सएलआर अशी साधी केबल मिळते. कॉलर माइक तिच्यातून एक्सएलआर सॉकेटला लावला आणि फँटम चालू राहिली, तर दोन-तीन व्होल्टच्या माइकला ४८ व्होल्टच्या वाटेवर बसवल्यासारखं होतं. माइक जळू शकतो. यासाठी व्होल्टेज उतरवणारे खास अडॅप्टर असतात, उदाहरणार्थ रोडचा व्हीएक्सएलआर प्लस. साध्या केबलीवर पैसे वाचवू नका.

डायनॅमिक माइकला फँटम लागत नाही. केबल धड असेल तर चुकून चालू राहिली तरी सहसा काही होत नाही, पण बंद ठेवायची सवय बरी. बॅटरीही वाचते.

एक्सएलआरचा खरा फायदा

एक्सएलआर दिसायला ‘प्रोफेशनल’ आहे म्हणून घ्यायचं नाही. त्याच्या मागे एक हुशार युक्ती आहे. केबलमध्ये आवाजाच्या दोन तारा असतात आणि त्यांच्यातला आवाज एकमेकांच्या उलट असतो. वाटेत ट्यूबलाइटची, चार्जरची घुणघुण घुसली तर ती दोन्ही तारांत सारखीच घुसते. रेकॉर्डर दोन्हींतला फरक तेवढा घेतो. सारखी असलेली घुणघुण वजा होऊन जाते, उलट असलेला आवाज उरतो.

३.५ मिलिमीटरच्या केबलीत ही युक्ती नसते. म्हणून तिथे केबल छोटी ठेवायची, विजेच्या वायरींपासून लांब ठेवायची आणि रेकॉर्डर चार्जरवर न लावता बॅटरीवर चालवायचा. आणि हो, मोबाईल शेजारी ठेवू नका. ठेवलाच तर एअरप्लेन मोडवर. कॉल येण्याआधीची ती ‘टर्रर्र-टर्र’ रेकॉर्डिंगमध्ये बसली की काढता येत नाही.

सूं-सूं कुठून येते?

माइकमधून निघणारा विद्युत संकेत अगदी नाजूक असतो. तो मोठा करायचं काम रेकॉर्डरमधला प्रीॲम्प करतो. मोठा करताना तो स्वतःचीही थोडी सूं-सूं मिसळतो. स्वस्त आणि महाग रेकॉर्डरमधला बराचसा फरक इथे असतो.

आकड्यांत बघूया. ठरावीक मोजमापाच्या मोठ्या आवाजाला, म्हणजे ९४ डेसिबलला, एसएम५८ सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो. रोडचा एनटीजी२ हा शॉटगन माइक त्याच आवाजाला सुमारे १६ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे आठपटीहून जास्त. पण आपण घरात गप्पा मारतो तो आवाज एक मीटरवरून साधारण ६० डेसिबलच असतो. तेवढ्या अंतरावर टेबलावर ठेवलेला एसएम५८ मिलिव्होल्टचा पंचविसावा भागसुद्धा देत नाही. मग तुम्ही गेन पूर्ण वर चढवता आणि बोलण्याबरोबर सूं-सूंही वर येते.

यातून दोन गोष्टी घ्या.

पहिली फुकट आहे: माइक जवळ आणा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो. एक मीटरवरचा माइक पंचवीस सेंटिमीटरवर आणला तर बारा डेसिबल मिळाले, एक रुपया न घालवता. महागड्या रेकॉर्डरने लांबून घेतलेल्या आवाजापेक्षा साध्या रेकॉर्डरने जवळून घेतलेला आवाज बहुतेक वेळा चांगला असतो.

दुसरी म्हणजे, डायनॅमिक माइक वापरणार असाल किंवा पाखरं, पाऊस, रात्रीची रातकिड्यांची किरकिर असं काही बारीक रेकॉर्ड करणार असाल, तर रेकॉर्डरच्या माहितीपत्रकात ‘ईआयएन’ हा आकडा शोधा. तो प्रीॲम्पची स्वतःची सूं-सूं सांगतो. आकडा उणे असतो आणि जितका जास्त उणे, तितका प्रीॲम्प शांत. उणे १२० डीबीयूच्या आसपास असेल तर मुलाखतीला ठीक. झूमच्या एफ३ चा आकडा उणे १२७ आहे. सातचा फरक छोटा वाटतो, पण त्याचा अर्थ सूं-सूं निम्म्याहून कमी. कंपनीने हा आकडा दिलाच नसेल, तर काय समजायचं ते समजा.

३२-बिट फ्लोट: जादू आहे की जाहिरात?

हल्ली प्रत्येक नव्या रेकॉर्डरच्या खोक्यावर हे मोठ्या अक्षरांत असतं. थोडक्यात समजून घेऊ.

नेहमीच्या २४-बिट रेकॉर्डिंगमध्ये गेन आधी ठरवावा लागतो. कमी ठेवला तर आवाज बारीक. जास्त ठेवला आणि कुणी जोरात हसलं तर आवाज फाटतो. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. म्हणून नियम असा: मीटरवर सगळ्यात मोठा आवाज उणे १२च्या आसपास राहील एवढाच गेन ठेवायचा. २४-बिटमध्ये कागदोपत्री १४४ डेसिबलचा वाव असतो, त्यामुळे जरा बारीक झालेला आवाज नंतर वाढवला तरी फारसं बिघडत नाही.

३२-बिट फ्लोटमध्ये फाइलचा वाव कागदोपत्री दीड हजार डेसिबलच्या पुढे जातो. अशा रेकॉर्डरांत बहुतेक वेळा दोन कन्व्हर्टर असतात, एक बारीक आवाजासाठी आणि एक मोठ्या आवाजासाठी. दोन्ही मिळून कुजबुजीपासून ढोल-ताशापर्यंत सगळं पकडतात. गेन चुकला तरी नंतर कॉम्प्युटरवर खाली आणता येतो. झूमच्या एफ३ ला तर गेनचं बटणच नाही.

मग हेच घ्यावं का? एकटेच कॅमेराही सांभाळणार असाल, मिरवणूक किंवा नाटक रेकॉर्ड करणार असाल, तर हो, मोठा आधार आहे. पण तीन गोष्टी ते करू शकत नाही. माइकच फाटला तर फाइल वाचवू शकत नाही, कारण नुकसान रेकॉर्डरच्या आधीच झालेलं असतं. लांबचा आवाज जवळचा करू शकत नाही. आणि चुकीच्या पिनेचा माइक चालवू शकत नाही. माझी ती फाइल ३२-बिट असती तरी तिच्यात उत्तम दर्जाची शांतताच निघाली असती.

शिवाय या फाइली मोबाईलमधल्या प्रत्येक ॲपमध्ये उघडत नाहीत. व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी त्या बदलून घ्याव्या लागतात.

कुणी कोणता घ्यावा?

किमती दर महिन्याला वर-खाली होतात, म्हणून आकडे देत नाही. पण कामानुसार गट सांगतो.

एकाच माणसाची मुलाखत, कॉलर माइक: ३.५ मिलिमीटर सॉकेट आणि प्लग-इन पॉवर असलेला छोटा रेकॉर्डर पुरे. झूम एच१एन, २०२४ मध्ये आलेला ३२-बिट फ्लोटवाला एच१इसेन्शियल, किंवा टॅस्कॅम डीआर-०५एक्स. यांना एक्सएलआर माइक थेट लागत नाही, हे विसरू नका. माणूस चालत-फिरत बोलणार असेल तर खिशात मावणारे टॅस्कॅम डीआर-१०एल किंवा झूम एफ२ बघा. यात कॉलर माइकची पिन स्क्रूने घट्ट बसते, मध्येच निसटत नाही.

दोघांच्या गप्पा, पॉडकास्ट: दोन एक्सएलआर सॉकेट आणि फँटम पॉवर हवीच. टॅस्कॅम डीआर-४०एक्स, झूम एच४एन प्रो किंवा एच४इसेन्शियल या गटात येतात. दोन माइक दोन वेगळ्या ट्रॅकवर गेले की एकजण खोकला तरी दुसऱ्याचं वाक्य वाचवता येतं. चारजण असतील तर चार एक्सएलआरवाला झूम एच६इसेन्शियल. ‘पुढे कधीतरी लागेल’ म्हणून मात्र चारवाला घेऊ नका. तो मोठा, जड आणि महाग असतो.

कीर्तन, भजन, गाण्याचा कार्यक्रम: इथे साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट आवाज घेता येतो का ते विचारा. पण सावध. मिक्सरमधून येणारा संकेत ‘लाइन’ पातळीचा, म्हणजे व्होल्टच्या घरातला असतो. माइकचा असतो मिलिव्होल्टमध्ये. रेकॉर्डरवर लाइन इनपुटची सोय नसेल, किंवा ती निवडली नसेल, तर पहिल्या अभंगालाच आवाज फाटेल. चार ट्रॅकचा रेकॉर्डर असेल तर दोन ट्रॅकवर मिक्सर आणि दोनवर रेकॉर्डरचे स्वतःचे माइक असं घ्या. मिक्सरमध्ये बुवांचा आवाज स्वच्छ मिळतो, पण समोर बसलेल्या लोकांच्या टाळ्या आणि विठ्ठलाचा गजर आतल्या माइकमध्येच मिळतो.

निसर्गाचे आवाज: शांत प्रीॲम्प सगळ्यात महत्त्वाचा. झूम एफ३ याच कामासाठी नावाजला जातो, पण त्याला स्वतःचा माइक अजिबात नाही. म्हणजे माइकचं बजेट वेगळं धरा. आणि कापसाळ, झिपऱ्या विंडशील्डशिवाय उघड्यावर जाऊ नका. वाऱ्याचा फटका कोणताही रेकॉर्डर काढू शकत नाही.

कार्ड आणि बॅटरी

४८ किलोहर्ट्झ, २४-बिट, स्टिरिओ असं रेकॉर्डिंग तासाला साधारण एक जीबी जागा घेतं. ३२-बिट फ्लोटमध्ये तेच सुमारे १.४ जीबी. म्हणजे ३२ जीबीचं कार्ड दिवसभराला भरपूर होतं. व्हिडिओबरोबर जोडायचं असेल तर ४८ किलोहर्ट्झच ठेवा आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. नंतर आवाज आणि चित्र जुळवायला तीच टाळी कामाला येते. जास्तीत जास्त किलोहर्ट्झ निवडून बोलण्याचा दर्जा वाढत नाही, फक्त कार्ड भरतं.

कार्ड नवं असो की जुनं, रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा. एमपी३ पेक्षा वेव्ह फाइल ठेवा.

बॅटरी एए किंवा एएए प्रकारची असेल तर फायदा असा की तालुक्याच्या किराणा दुकानातही मिळते. चार्ज होणाऱ्या बॅटरी वापरत असाल तर मेनूत तो प्रकार निवडा, नाहीतर बॅटरी किती उरली ते चुकीचं दिसेल. फँटम पॉवर चालू असेल तर खोक्यावर लिहिलेले तास विसरा. बॅटरी बरीच लवकर उतरते.

आणि परत आल्यावर फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. त्यांतल्या कितीतरी आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या बायकांच्या आवाजात ऐकता येतात. कुणीतरी नीट रेकॉर्ड केलं, आणि कुणीतरी ते जपून ठेवलं, म्हणूनच.

दुकानातली पाच मिनिटं

नवा घ्या की वापरलेला, तुमचा स्वतःचा माइक, हेडफोन आणि एक कार्ड घेऊन जा. मग एवढं करा.

माइक लावा, हेडफोन घाला, बोला. आवाज येतोय का? दोन्ही कानांत येतोय की एकाच? काही कॉलर माइक फक्त डाव्या बाजूलाच आवाज देतात. तो दोष नसतो, मोनो सेटिंगने सुटतो, पण आधी माहीत हवं.

पिन हळूच हलवा. खर्र-खर्र झालं तर सॉकेट सैल आहे. वापरलेल्या रेकॉर्डरमध्ये हेच सगळ्यात आधी जातं.

गेन पूर्ण वर करा आणि गप्प बसा. जी सूं-सूं ऐकू येते ती कायम तुमच्याबरोबर राहणार आहे.

फँटम असेल तर कंडेन्सर माइक लावून दाखवायला सांगा. एक मिनिट रेकॉर्ड करा, थांबवा आणि तिथेच ऐका. पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड घ्या.

हेडफोनचं सॉकेट नसलेला रेकॉर्डर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. लाल दिवा सांगतो की यंत्र चालू आहे. आवाज येतोय की नाही ते फक्त कान सांगतात.

शेवटी काय झालं?

दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा काकांकडे गेलो. ओशाळून सगळं खरं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, ‘‘अरे, साच्यावर धागा तुटला की जोडायचाच असतो. बसा.’’ या वेळी अडॅप्टर होता, हेडफोन कानात होते आणि सुरू करण्याआधी दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐकलं होतं.

मुलाखत छान झाली. तास-सव्वातास बोलले. पण पहिल्यांदा बोलताना त्यांनी गिरणीच्या भोंग्याचा आवाज तोंडाने काढून दाखवला होता, पहिल्या पाळीचा वेगळा आणि रात्रपाळीचा वेगळा. दुसऱ्या वेळी आम्ही विचारलं, तर म्हणाले, ‘‘राहू दे, आज नाही जमत.’’

तो भोंगा आमच्याकडे नाही. एका छोट्या अडॅप्टरपायी गेला. तुमचा जाऊ देऊ नका. रेकॉर्डर नंतर बघा. आधी माइक हातात घ्या आणि पिनेवरच्या रेघा मोजा.